मुरलेल्या युरोपीय रेड आणि फोर्टिफाइड वाइनची पारख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाइनची तोंडओळख झाली आहे आणि आता एखादी जुनी बाटली हाती आली आहे किंवा विकत घ्यायची आहे, अशा वाचकांसाठी हे पान लिहिले आहे. फ्रान्समधील बोर्दो, इटलीतील बारोलो, स्पेनमधील रिओहा अशा ठिकाणच्या जुन्या रेड वाइन आणि पोर्ट, मदेरा, शेरी या फोर्टिफाइड वाइन, म्हणजे द्राक्षांचे स्पिरिट घालून तीव्र केलेल्या वाइन, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित ठेवली आहे.

जितकी जुनी तितकी चांगली, हे वाइनच्या बाबतीत खरे आहे का?

नाही. जगात तयार होणारी बहुतेक वाइन बाटलीत भरल्यापासून दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ती पंधरा वर्षे कपाटात ठेवली, तर ती मुरत नाही, नुसती शिळी होते. मुरण्यासाठी वाइनच्या अंगी मुळात भांडवल असावे लागते: पुरेसे टॅनिन (द्राक्षांच्या सालीतून येणारे तुरट घटक), टिकाऊ आम्लता, फळाचा दाट गाभा, आणि फोर्टिफाइड वाइनच्या बाबतीत अल्कोहोल व बहुधा साखरही. हे भांडवल असलेल्या वाइनचेही एक शिखर असते आणि त्यानंतर उतार लागतो. म्हणून जुन्या वाइनची पारख करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ही वाइन मुळात किती चांगली होती, हा पहिला. आणि समोर असलेली ही एक बाटली आज कोणत्या अवस्थेत आहे, हा दुसरा. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन बाटल्यांपैकी एक अप्रतिम आणि दुसरी निस्तेज निघते, याचे कारण दुसऱ्या प्रश्नात असते. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की चांगल्या वाइनला वाईट ठरवले जाते आणि प्रसिद्ध लेबलाच्या मेलेल्या वाइनचे कौतुक होते.

बाटलीत मुरणे आणि पिपात मुरणे यांत काय फरक आहे?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण पारखीचे निकषच त्यावर ठरतात.

बाटलीत मुरणारी वाइन जवळजवळ हवेविना मुरते. बुचातून येणारा प्राणवायू अत्यल्प असतो, त्यामुळे बदल संथ होतात आणि फळाचा काही अंश दशकानुदशके टिकून राहतो. बोर्दो, बारोलो आणि व्हिंटेज पोर्ट या मुख्यतः अशा मुरतात. पिपात मुरणाऱ्या वाइनचा मात्र लाकडातून झिरपणाऱ्या प्राणवायूशी सतत संबंध येतो, तिचा काही अंश दरवर्षी उडून जातो आणि उरलेली वाइन दाट, तपकिरी, सुक्या मेव्याच्या वासाची होत जाते. टॉनी पोर्ट, कोल्हेइता, मदेरा आणि ओलोरोसो ही गडद शेरी या गटातल्या आहेत (पोर्टच्या या प्रकारांचा खुलासा पुढे येतो).

याचा परिणाम असा, की अक्रोड, सुके अंजीर आणि करपलेली साखर यांचा वास २० वर्षांच्या टॉनीमध्ये आला तर तो तिचा गुण असतो, आणि तोच वास १५ वर्षांच्या बोर्दोमध्ये ठळकपणे आला तर ती वाइन हवेने बिघडली आहे असे समजावे. दुसरा परिणाम खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पिपात मुरलेल्या वाइनचे मुरणे बाटलीत भरल्यावर जवळपास थांबते. २० वर्षांची टॉनी घरी आणखी २० वर्षे ठेवली म्हणून ती ४० वर्षांची होत नाही. उलट तिचा ताजेपणा जातो. म्हणून अशा बाटलीवर ती कोणत्या वर्षी भरली, हे अवश्य पाहावे.

बाटलीच्या आत वर्षानुवर्षे नेमके काय घडते?

लाल द्राक्षांच्या सालीतून आलेली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि टॅनिन हे तुरट घटक एकमेकांशी जोडले जाऊन मोठे रेणू बनतात. कोवळ्या वाइनचा जांभळा रंग या प्रक्रियेत आधी माणकासारख्या लाल आणि मग विटकरी छटेकडे सरकतो. फार मोठे झालेले रेणू विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाहीत आणि ते खाली बसतात; जुन्या बाटलीतला गाळ तो हाच. जिभेला जाणवणारा तुरटपणा त्यामुळे मऊ होतो. ताज्या फळांचे वास ओसरतात आणि चामडे, तंबाखू, ओली पाने, सुकी फुले, भूछत्र अशा वासांचा थर वर येतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आम्लता फारशी बदलत नाही. फळ ओसरत जाते आणि आम्लता जागच्या जागी राहते, म्हणून उताराला लागलेली वाइन पूर्वीपेक्षा आंबट झाल्यासारखी वाटते. जुन्या व्हिंटेज पोर्टमध्ये साखरही जवळपास तेवढीच असते. ती कमी गोड भासते याचे कारण बाकीचे घटक बदललेले असतात.

कोणत्या रेड वाइन खरोखर मुरतात?

बोर्दोत जिरोंदच्या डाव्या तीरावरील कॅबरने सोविन्यों या द्राक्षांच्या प्रधान वाइन आणि उजव्या तीरावरील मर्लो द्राक्षांच्या प्रधान वाइन यांची नावे प्रथम घेतली जातात, आणि १९६१ व १९८२ ही तेथील वर्षे आजही आदराने उच्चारली जातात. १८५५ साली झालेले तेथील वर्गीकरण मात्र मुख्यतः त्या काळच्या बाजारभावांवर आधारलेले होते. पारख करताना त्याला इतिहास म्हणून मान द्यावा, त्यावरून निकाल देऊ नये.

इटलीच्या पिएमोंते प्रांतातील बारोलो ही नेब्बिओलो द्राक्षांची वाइन किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विक्रीला आणता येत नाही आणि त्यांपैकी १८ महिने ती लाकडात असावी लागते. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका असतो आणि त्यावर नारिंगी छटा लवकर चढते, म्हणून बारोलोचे वय रंगावरून ठरवू पाहणारा हमखास चकतो. तोस्कानातील ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो ही केवळ सांजोवेझे द्राक्षांपासून होते. स्पेनमधील रिओहाच्या ग्रान रेसेर्वा वाइनला किमान ५ वर्षे मुरवावे लागते, त्यांतील किमान २ वर्षे ओकच्या पिपात. मला स्वतःला जुन्या वाइनच्या अभ्यासाची सुरुवात रिओहापासून करावी असे वाटते, कारण उत्पादकाने स्वतः मुरवून बाजारात आणलेली बाटली तुलनेने रास्त भावात मिळते आणि ती कुठे, कशी ठेवली होती याची चिंता कमी राहते.

फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातील एर्मिताज आणि बुर्गोन्यमधील पिनो न्वार द्राक्षांच्या उत्तम वाइनही दीर्घकाळ मुरतात. बुर्गोन्य मात्र बेभरवशाची आहे. नवशिक्याने तिच्यावर मोठी रक्कम घालू नये.

व्हिंटेज पोर्ट, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), टॉनी आणि कोल्हेइता या पोर्टच्या प्रकारांत गोंधळ होतो. फरक काय?

चारही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील आहेत. मार्केस द पोंबाल यांनी १७५६ मध्ये या खोऱ्याच्या सीमा आखून दिल्या. आंबवण अर्धवट असताना सुमारे ७७ टक्के अल्कोहोलचे द्राक्षांचे स्पिरिट घातले की आंबवण थांबते, द्राक्षांची साखर शिल्लक राहते आणि वाइन साधारण २० टक्के अल्कोहोलवर येते. येथवर सर्वांची वाट एकच असते.

व्हिंटेज पोर्ट एकाच वर्षाच्या उत्तम द्राक्षांची असते आणि सुमारे दोन वर्षे लाकडात ठेवून गाळणी न करता बाटलीत भरली जाते. पुढची वीस, तीस, कधी पन्नास वर्षे ती बाटलीत मुरते. प्रत्येक वर्षी ती होत नाही. उत्पादक वर्ष जाहीर करतो आणि १९६३, १९७७, १९९४, २०११ ही अशी गाजलेली वर्षे आहेत. एलबीव्ही हीसुद्धा एकाच वर्षाची, पण ४ ते ६ वर्षांनी बाटलीत भरलेली, बहुधा लगेच पिण्याजोगी असते. टॉनीवरील १०, २०, ३०, ४० हे आकडे एका वर्षाचे नसतात. निरनिराळ्या वर्षांच्या पिपांमधील वाइन मिसळून त्या वयाचे रूप साधलेले असते आणि तेथील नियामक संस्थेचे परीक्षक चव घेऊन त्याला मान्यता देतात. कोल्हेइता म्हणजे एकाच वर्षाची, किमान ७ वर्षे पिपात मुरवलेली टॉनी. लेबलावर केवळ वर्ष दिसले म्हणून कोल्हेइताला व्हिंटेज पोर्ट समजण्याची चूक विक्रेतेही करतात.

गोव्यात स्वस्तात मिळणारी ‘पोर्ट वाइन’ हीच का?

नाही. ती भारतात तयार होणारी गोड लाल वाइन असते. पोर्तुगीज राजवटीमुळे ते नाव गोव्यात रुजले आणि १९६१ नंतरही राहिले. दोरू खोऱ्यातील पोर्टशी तिचा संबंध नावापुरता आहे आणि ती मुरवण्यासाठी ठेवण्यात काही अर्थ नाही.

मदेरा वाइन भारतापर्यंत येऊन परत जात असे, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावरून अठराव्या शतकात इंग्लंडहून पूर्वेकडे निघालेली जहाजे वाइनची पिपे घेत. उष्ण कटिबंधातील महिनोन्‌महिने चाललेल्या प्रवासात, जहाजाच्या पोटातील उष्णतेत ती वाइन बिघडण्याऐवजी सुधारते असा अनुभव आला. भारतापर्यंत जाऊन परत आलेल्या पिपांना मुद्दाम मागणी येऊ लागली आणि त्यांना भावही अधिक मिळू लागला. कंपनी सरकारच्या काळात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील इंग्रजांच्या मेजावर मदेरा नित्याची होती.

पुढे तीच उष्णता बेटावरच निर्माण करण्यात आली. साध्या मदेरासाठी वाइन टाक्यांमध्ये सुमारे ४५ ते ५० अंश सेल्सियसवर किमान तीन महिने तापवतात. उत्तम मदेरा मात्र गोदामाच्या माळ्यावर, छपराखालच्या नैसर्गिक उष्णतेत, पिपांमध्ये वर्षानुवर्षे ठेवतात. सेर्सियाल सर्वांत कोरडी, मग व्हेर्देल्यो, मग बुआल आणि सर्वांत गोड मालव्हाझिया, असा द्राक्षांच्या जातींवरून गोडीचा चढता क्रम आहे. एकाच वर्षाची आणि किमान २० वर्षे पिपात राहिलेली मदेरा ‘फ्राश्केइरा’ या नावाने ओळखली जाते. उष्णता आणि हवा या दोन्ही शत्रूंना आधीच सामोरी गेलेली असल्यामुळे ती शंभर वर्षांनंतरही पिण्याजोगी, नव्हे उत्कृष्ट असू शकते. मदेराची पारख करताना आम्लतेकडे विशेष लक्ष द्यावे: मालव्हाझिया कितीही गोड असली तरी घोट संपताना तोंड स्वच्छ वाटले पाहिजे. गोडी मागे चिकटून राहिली, तर ती साधारण दर्जाची आहे.

जुनी बाटली विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वप्रथम पातळी पाहावी. उभ्या बाटलीत वाइन मानेपर्यंत किंवा मान संपते तेथपर्यंत असेल, तर चाळीस वर्षांच्या बोर्दोसाठी ते उत्तम लक्षण आहे. ती खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर धोका आहे, आणि त्याखाली असेल तर बाटली केवळ शोभेची समजावी. त्यानंतर बूच पाहावे. ते बाहेर सरकलेले असेल, किंवा झाकणाखालून चिकट ओघळ आलेला असेल, तर बाटली कधीतरी तापली होती. वाइन कुठे आणि कोणाकडे होती, किती वेळा हात बदलून आली, हे विचारावे. लेबल थोडे डागाळलेले असणे वाईट नाही. तळघरातील ओलाव्याची ती खूण असते.

नकली बाटल्यांचा प्रश्न काल्पनिक नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लिलावात बुर्गोन्यच्या पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी वाइनच्या बाटल्या आल्या. त्यांवर १९४५ ते १९७१ दरम्यानची वर्षे होती. घराण्याचे प्रमुख लोराँ पोन्सो यांनी आक्षेप घेतला, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती. बाटल्या लिलावातून मागे घेतल्या गेल्या. त्या पुरवणारे रूडी कुर्नियावान यांना २०१२ मध्ये अटक झाली आणि पुढे न्यायालयाने त्यांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. लाखो रुपये मोजणाऱ्या अनुभवी संग्राहकांनी त्यांच्याकडून वाइन घेतली होती. म्हणून घराण्याचा इतिहास वाचणे हाही पारखीचा भाग आहे.

बाटली कशी उघडावी आणि गाळ कसा वेगळा करावा?

आडवी ठेवलेली बाटली किमान एक दिवस, जमल्यास दोन-तीन दिवस आधी हळुवारपणे उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. विमानातून आणलेल्या बाटलीला तर दोन-तीन आठवडे विश्रांती द्यावी. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या बाटलीवर एका अंगाला पांढऱ्या रंगाचा फटकारा दिसतो. ती बाजू वर ठेवायची, अशी ती खूण असते, कारण गाळाचा थर तिच्या विरुद्ध बाजूला धरलेला असतो.

तीस वर्षांपुढचे बूच नेहमीच्या ओपनरने बहुधा तुटते. दोन चपट्या पात्यांचा ओपनर बुचाच्या कडेने खाली सरकवून, फिरवत फिरवत बूच वर घ्यावे. पोर्टच्या जुन्या बाटल्यांसाठी लोखंडी चिमट्याची रीत आहे: लालभडक तापवलेला चिमटा बुचाच्या खाली मानेभोवती धरतात, मग तेथे गार ओले कापड टेकवतात आणि मान बुचासकट एका रेषेत सुटते. सराव असलेल्या माणसाखेरीज हे कोणी करू नये.

गाळ वेगळा करताना मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवावा आणि वाइन एकाच संथ ओघाने डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवण्याच्या काचेच्या भांड्यात, ओतावी. मध्ये थांबून बाटली सरळ केली की तळाचा गाळ ढवळला जातो. सुरुवातीला मानेतून स्वच्छ, प्रकाश आरपार जाणारी वाइन येते. बाटली शेवटाला आली की खांद्यापाशी उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक गढूळ रेघ प्रकाशात सरकताना दिसते. ती मानेशी पोचली की थांबावे. मागे चार-पाच चमचे वाइन राहते. ती वाया जाते याचे वाईट वाटते, परंतु त्या गाळाची कडवट, खरखरीत चव सगळ्या डिकँटरमध्ये उतरण्यापेक्षा ते परवडते. कापडातून गाळायचे झाल्यास पातळ मलमल साध्या पाण्यात धुऊन वापरावी, साबणाचा वास राहिलेला चालत नाही.

डिकँटरमध्ये किती वेळ ठेवावी?

पन्नास वर्षांच्या नाजूक बुर्गोन्य किंवा बोर्दोला ओतल्याबरोबर प्यायला घ्यावे. तिचा सुगंध कधी कधी अर्ध्या-पाऊण तासात उडून जातो. पंचवीस वर्षांच्या बारोलोला दोन-तीन तास लागू शकतात. व्हिंटेज पोर्टही दोन-तीन तासांत खुलते. मदेराचे उलट आहे: अनेक दशके बाटलीत कोंडलेली मदेरा काही दिवस आधी उघडून ठेवावी, आणि जाणकार तर बाटलीतील प्रत्येक दशकामागे एक दिवस असा हिशेब सांगतात. खात्री नसेल तर केवळ गाळ वेगळा करावा आणि पुढचे काम ग्लासवर सोपवावे.

रंगावरून काय कळते?

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा आणि मध्यभाग व कड यांची तुलना करावी. मध्यभागी खोली आणि कडेला विटकरी पट्टा असेल तर वाइन व्यवस्थित मुरते आहे. सगळाच ग्लास एकसारखा तपकिरी दिसला, तर रेड वाइनच्या बाबतीत ते बहुधा संपल्याचे लक्षण आहे. चाळीस वर्षांच्या टॉनी पोर्टच्या कडेला आणि जुन्या मदेराच्या कडेला मात्र हिरवट झाक दिसते आणि ती दीर्घ मुरण्याची खूण मानली जाते. चकाकीही पाहावी: गाळ वेगळा केल्यानंतरही मंद, मळकट दिसणाऱ्या वाइनबद्दल सावध राहावे.

वास कसा घ्यावा, आणि त्याला नावे कोणती द्यावीत?

ग्लासात ४० ते ५० मिलीलीटरपेक्षा जास्त वाइन घेऊ नये. पहिला वास ग्लास न फिरवता घ्यावा, कारण नाजूक वास सर्वांत आधी येतात आणि फिरवल्यावर ते झाकले जातात. मग हलकेच फिरवून दुसरा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तिसरा. जुन्या वाइनची खरी पारख या तिसऱ्या वासात होते. वाइन वर येते आहे की कोसळते आहे, हे तेव्हा कळते.

नावे देताना परदेशी वर्णनांतील, कधी न हुंगलेल्या फळांची यादी पाठ करण्याची गरज नाही. आपल्या नाकाला जे ठाऊक आहे तेच लिहावे: काळ्या मनुका, जर्दाळू, सुके अंजीर, खारीक, काकवी, जायफळ, लवंग, सुकलेल्या गुलाबपाकळ्या, विड्याची तंबाखू, पहिल्या पावसानंतरची माती. जुन्या बारोलोत सुक्या गुलाबाचा आणि डांबराचा वास शेजारी शेजारी येतो. जुन्या बोर्दोत देवदाराच्या लाकडाचा आणि सिगारच्या पेटीचा येतो.

मराठी नाकाला एक फायदा तर मोठाच आहे. जुन्या मदेरात, जुन्या टॉनीत आणि शेरीत सोटोलॉन नावाचे गंधद्रव्य तयार होते, आणि मेथीच्या दाण्यांचा ओळखीचा वास मुख्यतः याच द्रव्याचा असतो. प्रमाण कमी असताना ते करपलेल्या साखरेसारखे भासते, वाढले की स्पष्ट मेथीकडे झुकते. मेथीचे लाडू खात वाढलेल्या माणसाला जुन्या मदेराच्या ग्लासातील हा धागा लगेच सापडावा. तो सापडला तर निःसंकोच ‘मेथी’ असेच लिहावे. त्या शब्दामागे रसायनशास्त्राचा पुरावा आहे.

दोष कसे ओळखावेत?

बुचाचा दोष सर्वांत फसवा असतो. ट्रायक्लोरोअॅनिसोल या द्रव्यामुळे तो होतो आणि एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी पुरतात. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास येतो आणि फळ मुके होते. परंतु नुकत्याच उघडलेल्या निर्दोष जुन्या बाटलीतूनही सुरुवातीला कुबट, कोंदट वास येतो. दोहोंतील भेद काळ करतो: कोंदटपणा दहा-वीस मिनिटांत निघून जातो, बुचाचा दोष हवा लागल्यावर अधिक ठळक होतो. म्हणून पहिल्या हुंगण्यावर बाटली मोरीत ओतू नये.

नेलपॉलिश किंवा व्हिनेगर यांचा वास बाष्पशील आम्लाचा असतो. रेड वाइनमध्ये तो पुढे आला की दोष मानावा, मात्र जुन्या मदेरात त्याचा हलका अंश सुगंधाला उचलून धरतो. घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येतो. जुन्या ऱ्होन वाइनमध्ये तो काहींना आवडतो. माझ्या मते फळ झाकले जाईल इतका असेल, तर परंपरेच्या नावाखाली त्याला माफी देऊ नये. तापलेल्या वाइनमध्ये शिजवलेल्या फळांचा, मोरंब्यासारखा सपाट वास येतो आणि घोटाचा शेवट आखूड होतो.

तोंडात घेतल्यावर कशाकडे लक्ष द्यावे?

घोट सगळ्या तोंडात फिरवावा आणि टॅनिनचा पोत पाहावा. चांगले मुरलेले टॅनिन मखमलीसारखे हिरड्यांवरून सरकते. फळ संपून टॅनिन मागे उरले असेल, तर तोंड कोरडे पडते. ते पुढे कितीही वर्षे ठेवले तरी सुधारत नाही. मग घोटाचा मधला भाग पाहावा: सुरुवात आणि शेवट आहे, पण मध्ये पोकळी आहे, असे उतरत्या वाइनमध्ये अनेकदा होते. गिळल्यानंतर किंवा थुंकल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजावे, आणि शेवटी काय रेंगाळते तेही पाहावे. केवळ आंबटपणा किंवा अल्कोहोलची जळजळ रेंगाळत असेल, तर ती लांबी गुणात धरू नये. व्हिंटेज पोर्टमध्ये स्पिरिट वेगळे जाणवले, तर वाइन अजून कोवळी आहे किंवा मुळातच जुळलेली नाही.

गुण कसे द्यावेत?

शंभर गुणांची पद्धत आज अधिक चालते. वीस गुणांची पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने रूढ केली. घरच्या पारखीसाठी संतुलन, तीव्रता, गुंतागुंत आणि चवीची लांबी हे चार निकष पुरतात. जुन्या वाइनसाठी मी त्यांत आणखी एक नोंद वेगळी ठेवण्याचा आग्रह धरेन: बाटलीची अवस्था. पातळी, बूच, मूळ कोठले आणि ग्लासात वाइन किती वेळ टिकली, हे गुणांबाहेर लिहावे. किंमत आणि वर्ष कळण्यापूर्वी नोंद पूर्ण करावी. लेबल दिसल्यावर आपलीच जीभ किती आज्ञाधारक होते, हे झाकलेल्या बाटल्यांमधून चव घेतल्याशिवाय समजत नाही.

चव घेण्याचा क्रम आणि जागा कशी असावी?

कोरडीकडून गोडीकडे जावे आणि फोर्टिफाइड वाइन शेवटी घ्याव्यात. रेड वाइनमध्ये जुनी आधी आणि कोवळी नंतर, असे माझे मत आहे, कारण कोवळ्या वाइनचे टॅनिन नाजूक जुन्या वाइनला चिरडून टाकते. खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नसावा. रेड वाइन आणि व्हिंटेज पोर्ट १६ ते १८ अंशांवर, टॉनी आणि मदेरा त्याहून थोड्या गार द्याव्यात. ‘खोलीच्या तापमानावर’ हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी आहे, मे महिन्यातील नागपूरसाठी नाही. सोबत साधा पाव आणि पाणी ठेवावे. व्हिंटेज पोर्टबरोबर स्टिल्टन चीज आणि अक्रोड ही जोडी इंग्रजांनी रूढ केली आणि ती योग्यच आहे, पण ती पारख संपल्यावर घ्यावी. अनेक वाइन चाखायच्या असतील तर थुंकणे हा शिष्टाचारच आहे. २० टक्के अल्कोहोलच्या वाइनचे चार घोट गिळल्यावर पाचवी नोंद विश्वासार्ह राहत नाही.

महाराष्ट्राच्या हवेत जुनी वाइन कशी ठेवावी?

आदर्श तापमान १२ ते १४ अंश, सुमारे ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि स्थैर्य. आपल्याकडील उन्हाळ्यात उघड्या कपाटात हे शक्य नाही. वाइनचा वेगळा फ्रिज परवडत नसेल, तर काही महिन्यांपुरती बाटली साध्या फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात ठेवलेली बरी. अतिथंडीने मुरणे मंदावते, तापण्याने वाइन मरते. मात्र साध्या फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच कालांतराने सुकते, म्हणून वर्षानुवर्षे तेथे ठेवू नये. रेड वाइन आणि व्हिंटेज पोर्ट आडव्या, मदेरा उभी ठेवावी. परदेशातून येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बाटल्या आणायच्याच असतील, तर त्या हिवाळ्यात आणाव्यात.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

जुनी रेड वाइन त्याच संध्याकाळी संपवावी. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवस, एलबीव्ही साधारण आठवडाभर, टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे चांगली राहते. फिनो ही फिकी, हलकी शेरी फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवावी, ओलोरोसो महिनाभर चालते. मदेरा बूच लावून उभी ठेवली तर कित्येक महिने टिकते, त्यामुळे घरी एकट्याने थोडी थोडी चाखून अभ्यास करणाऱ्याला तिच्यासारखी सोयीची वाइन दुसरी नाही.